जांभळाचा शिरका : बाटली कधी भरावी

(दृश्य : स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाटावर ठेवलेली चिनी मातीची मोठी बरणी. तोंडावर मलमलीचा दादरा.)

ही बरणी इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका मराठी घरातली आहे. आषाढात चोइथराम मंडीतून आणलेल्या रायजांभळांचा रस आंबवून तिच्यात भरला गेला आणि आता नवरात्र तोंडावर आले असताना घरात एकाच गोष्टीची चर्चा चालू आहे : शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला आहे का, आणि असल्यास तो आज बाटल्यांत भरावा की आणखी थांबावे? या घरातील आजींचा शिरस्ता असा, की दिवाळीचा फराळ करायला घेण्यापूर्वी बाटल्या भरून मोकळे व्हायचे. त्यांच्या सूनबाई महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात आणि त्यांचे म्हणणे असे, की बरणीला सणवार कळत नाहीत. आम्हांला सूनबाईंचे म्हणणे पटते. पण आजींचा शिरस्ताही निराधार नाही, हे पुढे दिसेल.

शिरका दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात यीस्ट फळातील साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. वाइन करणारे इथेच थांबतात. दुसऱ्या टप्प्यात अॅसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू हवेतील ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचे आम्ल करतात. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात हे काम पृष्ठभागावरील सजीव पापुद्र्याकडून होते, हे दाखवून दिले. दोन्ही टप्प्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पहिल्याला हवा बंद हवी, दुसऱ्याला ती मोकळी हवी, आणि म्हणून पहिला पुरता संपल्यावाचून दुसरा सुरू करणे शहाणपणाचे नाही.

(दृश्य : काचेच्या उंच नळीत सोडलेला हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे तरंगते उपकरण. त्याच्या दांड्याला चिकटलेले बुडबुडे.)

पहिला टप्पा संपला हे ओळखण्यासाठी फसफस थांबण्याची वाट पाहिली जाते, पण फसफस ही खात्रीची खूण नाही. गारवा वाढला, की यीस्ट मंदावते; साखर मात्र तशीच शिल्लक राहते. खात्री हायड्रोमीटर देतो. पाण्यात त्याचे वाचन १.००० असते; या घरातील गोडी घातलेल्या रसाचे सुरुवातीचे वाचन १.०४५ होते आणि साखर संपल्यावर ते १.०००च्याही किंचित खाली, ०.९९८वर आले. वाचन घेताना एक काळजी घ्यावी लागते. रसात विरघळलेला वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने उपकरणाच्या काचेला बिलगतो आणि त्याला वर उचलून धरतो, त्यामुळे घनता खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. चित्रात सूनबाई हायड्रोमीटरला दोन बोटांनी गिरकी देताना दिसतात, ती बुडबुडे झटकण्यासाठी. काही दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचने तीच आली, तरच साखर संपली असे मानायचे.

साखर शिल्लक असताना घट्ट बूच लावले, तर काय होते, ते आकड्यांत सांगणे बरे. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली, की साधारण एका वातावरणाइतका दाब तयार होतो. शॅम्पेनमध्ये हेच मुद्दाम घडवून आणतात. तिथे लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून सहा वातावरणांपर्यंत दाब नेतात, आणि म्हणूनच त्या बाटलीची काच इतकी जाड असते. सरबताची रिकामी झालेली बाटली असा दाब सोसण्यासाठी घडवलेली नसते. ती फुटली, तर काचा स्वयंपाकघरभर उडतात. हा धोका वाइन करणाऱ्यांना जितका, तितकाच अर्धवट आंबलेला शिरका भरणाऱ्यांनाही आहे.

साखर संपल्यावर निवळ रस गाळावरून नळीने अलगद काढून रुंद तोंडाच्या बरणीत घेतला गेला. त्यात गेल्या वर्षीचा थोडा कच्चा, म्हणजे न तापवलेला, शिरका विरजणासारखा घातला आणि वर दादरा बांधला. दादरा हवा आत जाऊ देतो आणि आंबट वासावर हमखास येणाऱ्या चिलटांना बाहेर ठेवतो. आठवड्याभरात वर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरला. जिवाणूंच्या या पापुद्र्याला ढवळू नये. तो बुडला, की वरचे काम थांबते आणि नवा पापुद्रा धरेपर्यंत वेळ जातो.

आता बाटलीचा खरा प्रश्न. रंग निवळला, वास तिखट आला, जिभेला आंबट लागले, एवढ्यावर बहुतेक घरांत निर्णय होतो. नाक इथे उपयोगी आहे, यात शंका नाही. दारूचा वास अजून पुढे येत असेल, तर काम शिल्लक आहे हे ते सांगते. परंतु जीभ फसते, कारण आंबटपणा आणि आम्लाचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जांभळाचा तुरटपणा दोन्हींना झाकून टाकतो. लिटमसच्या किंवा पीएचच्या पट्टीनेही हे प्रमाण कळत नाही. त्यासाठी अनुमापन करावे लागते, म्हणजे ठरलेल्या ताकदीचे अल्कली किती घातल्यावर आम्ल संपते, ते मोजावे लागते.

(दृश्य : पांढऱ्या फरशीवर चंचुपात्र. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, पडणारे थेंब.)

शिरक्याचे १० मिलिलिटर घेतले. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब घातले आणि वरून १ नॉर्मल, म्हणजे ठरलेल्या ताकदीचे, सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण रंग पालटेपर्यंत थेंबाथेंबाने सोडले. हे द्रावण त्वचा जाळते. हातमोजे आणि चश्मा हवाच. अशा द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ०.०६ ग्रॅम अॅसिटिक आम्ल संपवतो. गणपतीत ४.१ मिलिलिटर लागले, म्हणजे शिरका जेमतेम अडीच टक्क्यांचा होता, आणि तरीही त्या दिवशी चाखणाऱ्या प्रत्येकाने तो “झाला” म्हणून सांगितले होते. जांभळाच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. त्याचा रंगच आम्लात लालसर आणि अल्कलीत निळसर-हिरवट होतो, त्यामुळे फिनॉल्फ्थॅलीनची गुलाबी छटा त्यात हरवते. सूनबाईंनी नमुन्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून तो दहापट पातळ केला, तेव्हा कुठे रंग नेमका कधी पालटतो, हे दिसू लागले.

भारतात विकल्या जाणाऱ्या, आंबवून केलेल्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के अॅसिटिक आम्ल असावे, असा नियम आहे. घरच्या शिरक्याने हा आकडा ओलांडणे पुरेसे नाही, असे आम्हांला वाटते. जांभळाचे स्वतःचे आम्लही या मोजणीत धरले जाते, म्हणून वर निदान अर्धा टक्का जास्तीचा हवा. लोणच्यासाठी शिरका वापरायचा असेल, तर याहूनही काटेकोर राहावे. ज्याची ताकद मोजलेली नाही, तो शिरका टिकाऊ लोणच्यात घालूच नये.

“अहो आई, आकडा आला म्हणून लगेच भरायचा नाही,” असे सूनबाई म्हणतात, आणि त्यांचा रोख मोजणीच्या दुसऱ्या उपयोगाकडे आहे. एका आकड्यापेक्षा एकापाठोपाठच्या आकड्यांची दिशा अधिक सांगते. आम्लता आठवड्यागणिक चढत असेल, तर अल्कोहोल शिल्लक आहे. ती एका जागी ठरली, तर ते जवळपास संपले. आणि ती उतरू लागली, तर उशीर झाला, कारण अल्कोहोल संपल्यावर तेच जिवाणू अॅसिटिक आम्लाचेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करू लागतात आणि महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बरणी हळूहळू पुळचट होते. जुना तेवढा उत्तम, ही समजूत उघड्या बरणीला लागू नाही. या बरणीत नवरात्राआधी ६.८ मिलिलिटर लागले, पुढच्या आठवड्यात ७.२, आणि त्यानंतरही ७.२च. म्हणजे ४.३ टक्क्यांवर काम थांबले.

पण आकडा ठरला, तरी थंडीत त्यावर विसंबू नये. या जिवाणूंना २५ ते ३० अंश तापमान मानवते. माळव्यात श्रावणापासून आश्विनापर्यंत ते आपोआप मिळते; पौषात मात्र इंदूरची रात्र १० अंशांच्या खाली उतरते आणि काम पुरे न होताच आम्लता स्थिर दिसते. अशा वेळी बरणी उबदार खोलीत हलवून पुन्हा मोजावे. आजींचा दिवाळीपूर्वीचा शिरस्ता इथे शहाणा ठरतो : थंडी पडण्याआधी निकाल लागला, तर स्थिर आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

(दृश्य : चुलीवर पाण्याचे पातेले. त्यात उभ्या बाटल्या, आणि थर्मामीटर.)

भरताना पापुद्रा बाजूला काढून शिरका जाड मलमलीतून गाळला. मग काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, कारण वर राहिलेली हवा जिवाणूंना पुन्हा कामाला लावते. उघड्या धातूचे झाकण आम्लाने गंजते, म्हणून प्लास्टिकचे अस्तर असलेली झाकणे घेतली. बाटल्या पाण्यात ठेवून आतील शिरका ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवला आणि काही मिनिटे तसाच राहू दिला, मग झाकणे घट्ट केली. नंतर बाटल्या अंधाऱ्या कपाटात गेल्या, कारण उजेडात जांभळाचा रंग तपकिरी होतो. ताज्या शिरक्याचा नाकात चढणारा तीव्रपणा निवायला दोन-तीन महिने जातात.

एक लहान बाटली मात्र तापवलेली नाही. तिच्यात पापुद्र्याचा तुकडा आणि कच्चा शिरका आहे, झाकणाऐवजी दादरा आहे, आणि चिठ्ठीवर आजींनी लिहिले आहे : “पुढच्या जांभळांसाठी. वापरू नये.”