कुणालाच न सापडलेली रेघ

खरेदीखत वाचायची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे, म्हणून आज सुरुवात एका खरेदीखतानेच करतो. तारीख 22 एप्रिल 1529. मुक्काम सारागोसा, स्पेन. लिहून देणार, स्पेनचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स. लिहून घेणार, पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव. मिळकत म्हणजे मोलुकास बेटं, आजच्या इंडोनेशियात, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून असलेली. किंमत साडेतीन लाख दुकात, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. दोघांचं नातंही सांगून ठेवतो. 1525 साली जुआंवने चार्ल्सची बहीण केली आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सने जुआंवची. शुद्ध साटंलोटं.

या व्यवहारात एक घोटाळा होता. आजच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली तर दिसतं, की स्पेन आणि पोर्तुगाल यांनी आधी जी वाटणी केली होती तिच्याप्रमाणे ही बेटं विकत घेणाऱ्याच्याच वाट्यात येत होती. म्हणजे जुआंवने मेहुण्याला पैसे मोजून स्वतःचाच वाटा विकत घेतला. मुळात ती बेटं या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. पण ती ज्यांची होती त्यांच्याकडे थोड्या वेळाने येऊ. आधी वाटणीपत्र बघू.

मार्च 1493. कोलंबस परत आला, पण वादळामुळे त्याचं जहाज स्पेनऐवजी लिस्बनच्या खाडीत शिरलं. पोर्तुगालचा तेव्हाचा राजा दुसरा जुआंव याने त्याला भेटीला बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ही जमीन आमची. त्याच्याकडे कागद होता. 1479 च्या आल्कासोवासच्या तहात कॅनरी बेटं स्पेनला आणि त्याच्या दक्षिणेकडचा सगळा समुद्र पोर्तुगालला, असं ठरलं होतं. स्पेनच्या इझाबेला आणि फर्डिनांड यांनी मग पोपकडे धाव घेतली. पोप सहावा अलेक्झांडर हा मूळचा स्पेनचाच, व्हॅलेन्सियाकडचा. त्याने मे 1493 मध्ये फर्मान काढलं, की अझोर्स आणि केप वर्दे बेटांपासून पश्चिमेला आणि दक्षिणेला 100 लीगवर (लीग हे अंतराचं जुनं माप) एक उभी रेघ धरावी, पलीकडचं स्पेनचं. आता अझोर्स आणि केप वर्दे काही एका रेषेत नाहीत, त्यांच्यात कित्येक अंशांचं अंतर आहे. शिवाय उभ्या रेघेच्या ‘दक्षिणेला’ म्हणजे कुठे, हे पोपला विचारणार कोण?

जुआंवला हे मान्य नव्हतं. तो पोपला वगळून थेट शेजाऱ्याशी बोलायला बसला, आणि 7 जून 1494 रोजी तोर्देसियास या गावी तह झाला. रेघ 100 लीगऐवजी केप वर्दे बेटांपासून 370 लीग पश्चिमेला सरकली, उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत. पुढे 1500 साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल हिंदुस्थानला येताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, तर तो किनारा या सरकलेल्या रेघेमुळे पोर्तुगालच्या बाजूला पडला. तिथून निघून त्याच वर्षी तो कालिकतला पोचला. ब्राझीलमध्ये आज पोर्तुगीज बोलतात त्याचं मूळ या 270 लीगमध्ये आहे.

पण तहात त्रुटी किती! केप वर्दे हा बेटांचा झुबका आहे. त्यातल्या कुठल्या बेटापासून मोजायचं ते लिहिलेलं नाही. लीग केवढा तेही नाही. दहा महिन्यांच्या आत दोन्हीकडची जहाजं, खलाशी आणि ज्योतिषी बरोबर घेऊन निघतील आणि जागेवर जाऊन हद्द ठरवतील, असं कलम मात्र आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मोजणी आणून हद्द कायम करू. ती मोजणी कधीच झाली नाही. होणार तरी कशी? उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत हे ध्रुवतारा किंवा सूर्य बघून कळायचं. पूर्व-पश्चिम कळायला दोन ठिकाणच्या वेळेतला फरक माहीत हवा, आणि हलत्या जहाजावर बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ त्या काळी नव्हतं. जहाजाचा वेग, दिशा आणि गेलेले दिवस यांवरून अंदाज बांधायचा. असे अंदाज शेकडो मैलांनी चुकत.

आणखी एक. तहात एकच रेघ आहे, अटलांटिकमधली. पृथ्वी गोल आहे हे सह्या करणाऱ्यांना ठाऊक होतं, पण ती रेघ पलीकडून कुठे निघते याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. 1494 साली त्याची गरजही कुणाला वाटली नसावी. गरज लावली लवंगेने.

लवंगेचं झाड त्या काळी जगात मोलुकासमधल्या पाच चिमुकल्या बेटांवरच होत असे: तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान. तेर्नाते आणि तिदोरे म्हणजे समुद्रातून वर आलेले दोन ज्वालामुखी, समोरासमोर. दोन्हीकडे सुलतान, आणि दोघांचं वैर. सोयरीकही होतीच, तेर्नातेच्या सुलतानाची राणी ही तिदोरेच्या सुलतानाची लेक. सारागोसातल्या मेहुण्यांसारखंच. 1510 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा घेतला, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि लगेच जहाजं मसाल्याच्या शोधात पूर्वेला धाडली. त्यातल्या फ्रान्सिश्कु सेर्रांवचं जहाज फुटलं, आणि फिरत फिरत तो 1512 मध्ये तेर्नातेला पोचला. तिथल्या सुलतानाने त्याला ठेवून घेतलं. वैऱ्याशी लढायला तोफ-बंदूकवाला माणूस आयता मिळाला होता. सेर्रांव मरेपर्यंत तिथेच राहिला. तिथून त्याने आपल्या एका मित्राला पत्रं लिहिली. त्या मित्राचं नाव मॅगेलन.

मॅगेलन पोर्तुगीज, पण आपल्या राजावर रुसून स्पेनच्या चाकरीत गेलेला. त्याने तरुण चार्ल्सला पटवलं, की रेघ पृथ्वीला वळसा घालून पलीकडे नेली तर लवंगेची बेटं आपल्या वाट्यात येतात. 1519 मध्ये पाच जहाजं निघाली. मॅगेलन 27 एप्रिल 1521 रोजी फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर मारला गेला. उरलेली दोन जहाजं नोव्हेंबरमध्ये तिदोरेला लागली, आणि तिथल्या सुलतानाने त्यांचं आनंदाने स्वागत केलं. तेर्नातेकडे पोर्तुगीज होते ना, मग आपल्याकडे स्पॅनिश! इतिहासाच्या पुस्तकांत इथे मोठी चूक होते. युरोपियांनी या सुलतानांना आपल्या भांडणात ओढलं असं लिहिलेलं असतं. निदान सुरुवातीला तरी सुलतानांनी त्यांना आपल्या भांडणात ओढलं होतं. असो. सप्टेंबर 1522 मध्ये एकच जहाज स्पेनला परतलं. एल्कानो त्याचा कप्तान होता आणि युरोपातून निघालेल्या अडीचशेच्या आसपास माणसांपैकी त्यावर 18 उरली होती. पण पोटात लवंगांची पोती होती आणि त्या विकून साऱ्या मोहिमेचा खर्च निघाला.

आता भांडण पेटलं. 1524 मध्ये दोन्हीकडचे तज्ज्ञ सरहद्दीवर जमले, बादाहोस आणि एल्व्हास या समोरासमोरच्या गावांत. खलाशी, खगोलाचे जाणकार, वकील. स्पेनकडून खुद्द एल्कानो होता, कोलंबसाचा मुलगा हर्नान्दो होता. इथे एक उलटापालट झाली, ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. आतापर्यंत पोर्तुगाल म्हणायचा की रेघ पश्चिमेला सरकवा. आता मोलुकास हवी तर पलीकडची रेघ पूर्वेला जायला हवी, आणि त्यासाठी अलीकडचीही पूर्वेलाच सरकायला हवी. गोलावरची रेघ ती, एक बाजू हलली की दुसरी हलणार. म्हणून पोर्तुगीज म्हणू लागले, केप वर्देच्या पूर्वेकडच्या बेटापासून मोजा. स्पॅनिश म्हणाले, पश्चिमेकडच्या सांतो आंतांवपासून मोजा. फरक जेमतेम अडीच अंशांचा. लवंगेपायी पोर्तुगाल ब्राझीलचा काठ सोडायला तयार होता आणि स्पेन तो पोर्तुगालच्या गळ्यात मारायला! दोन महिने नकाशे आणि पृथ्वीचे गोल पुढे-मागे झाले. दोघांचे नकाशे एकमेकांशी जुळेनात, जुळू नयेत अशीच इच्छा होती. निकाल काहीच लागला नाही.

एका स्पॅनिश बखरकाराने या बैठकीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. खरी की कुणी रचलेली, देव जाणे. पोर्तुगीज प्रतिनिधी नदीकाठी फिरत असताना आईने धुतलेले कपडे राखत बसलेल्या एका पोराने त्यांना विचारलं, सम्राटाबरोबर जग वाटून घेणारे ते तुम्हीच का? हो म्हटल्यावर पोराने सदरा वर केला, त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हणाला, मग तुमची रेघ इथून मधोमध ओढा.

मोलुकासमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. 1525 मध्ये स्पेनने आणखी सात जहाजं पाठवली. एल्कानो वाटेत पॅसिफिकमध्ये वारला. तिदोरेला पोचलं ते एक जहाज. तिदोरेवर मूठभर स्पॅनिश आणि तेर्नातेवर किल्ला बांधून बसलेले पोर्तुगीज, अशी लढाई वर्षानुवर्षं चालली. दोघांची कुमक यायला दोन-दोन वर्षं. इकडे चार्ल्स इटलीच्या युद्धात कंगाल झाला होता आणि राज्याभिषेकासाठी तिकडे निघायचं होतं. मग त्याने सारागोसाचा कागद केला.

हा कागद नुसतं खरेदीखत नव्हता. आपल्याकडे ज्याला मुदतखरेदी म्हणतात त्या जातीचा होता, फक्त मुदत घातलेली नव्हती. चार्ल्सने किंवा त्याच्या वारसाने साडेतीन लाख दुकात परत केले की विक्री रद्द, हक्क पूर्ववत. याच्या उलटंही कलम होतं: पुढे तज्ज्ञांनी ठरवलं की बेटं पोर्तुगालच्याच वाट्यात होती, तर चार्ल्सने पैसे परत करायचे. आणि या वेळी रेघ काळजीपूर्वक लिहिली, मोलुकासच्या पूर्वेला 17 अंश, म्हणजे 297.5 लीग. एक अंश साडेसतरा लीगचा, हे गणितातूनच ठरून गेलं. पैसे मात्र ना स्पेनने फेडले, ना पोर्तुगालने परत मागितले.

आता बेटवाल्यांचं. पोर्तुगीजांचा तिकडचा कारभार गोव्यातून चाले. तेर्नातेच्या कप्तानावर हुकूम गोव्याच्या गव्हर्नरचा. 1535 मध्ये पोर्तुगीजांनी तेर्नातेच्या ताबारिजी या तरुण सुलतानाला पदच्युत करून कैदी म्हणून गोव्याला आणलं. गोव्यात तो ख्रिस्ती झाला, दों मानुएल नाव घेतलं, आणि ज्या पोर्तुगीज सरदाराने त्याला आश्रय दिला त्याला चक्क अंबोन बेट बक्षीसपत्राने देऊन टाकलं. कैदेतला माणूस, समुद्रापलीकडचं बेट! परत जाताना 1545 मध्ये तो मलाक्क्याला वारला. त्याच्या जागी बसवलेल्या सावत्र भावाला, हैरूनलाही गोव्याची वारी घडली, पण तो सुटून गादीवर परतला. ज्या फ्रान्सिस झेवियरचं शव बघायला जुन्या गोव्यात माणसं रांगा लावतात, तो 1546 मध्ये तेर्नातेला होता, तो याच हैरूनच्या राज्यात.

1570 मध्ये पोर्तुगीज कप्तानाने हैरूनशी शपथेवर समेट केला आणि त्याला किल्ल्यात बोलावून मारलं. त्याचा मुलगा बाबुल्लाह याने किल्ल्याला वेढा घातला. पाच वर्षं. 1575 मध्ये उपासमारीने गांजलेले पोर्तुगीज किल्ला सोडून निघून गेले, आणि बाबुल्लाहने त्यांना जिवंत जाऊ दिलं. चार्ल्सने जे विकलं आणि जुआंवने जे घेतलं, त्यातलं मुख्य बेट 46 वर्षांत गेलं.

स्पेननेही कागद पाळला नाहीच. फिलिपिन्स सारागोसाच्या रेघेच्या पोर्तुगीज बाजूला येतात, तरी 1565 मध्ये स्पेनच्या लेगास्पीने तिथे वसाहत केली. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज रेघ ओलांडून आत शिरले होते. शेवटी 1750 च्या माद्रिदच्या तहात दोघांनी मान्य केलं, की तुम्ही तिकडे मर्यादा सोडलीत, आम्ही इकडे. तेव्हा जुन्या रेघा रद्द आणि ज्याची वहिवाट त्याची जमीन. पण वहिवाट कुणाची धरायची? उरुग्वाय नदीच्या पूर्वेला ग्वारानी लोकांची सात ख्रिस्ती गावं होती, चर्च, शेती, गुरं असलेली. तहाप्रमाणे ती पोर्तुगालला गेली आणि ग्वारानींना गुरंढोरं घेऊन नदीपलीकडे जायचा हुकूम झाला. ते हटले नाहीत. 1756 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या एकत्र फौजांनी त्यांची कत्तल केली.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी 1761 मध्ये, दोन्ही राजांनी माद्रिदचा तहच रद्द केला आणि आधीचे तह पुन्हा लागू केले. म्हणजे कागदोपत्री तोर्देसियासची रेघ परत उभी राहिली. जमिनीवर रेखांश काढायला गुरूच्या उपग्रहांचा आधार एव्हाना मिळाला होता, समुद्रावर अजून नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडहून एक जहाज जमैकाला निघालं. जहाजावर जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या पोराने बनवलेलं, तळहाताएवढं एक घड्याळ होतं. समुद्रावर ते वेळ बरोबर दाखवतं का, हे बघायचं होतं.