पोटाच्या घेरातला मंद दाह

(दृश्य: सकाळचा राजवाडा परिसर, पोह्याचा गाडा)

इंदूरमध्ये सकाळी पोह्याच्या गाड्यावर जे मोठे पातेले दिसते, त्याच्या खाली उकळत्या पाण्याचे भांडे ठेवलेले असते आणि त्या वाफेवर पोहे दुपारपर्यंत मऊ व गरम राहतात. डिशमध्ये पोहे पडतात, त्यावर मूठभर शेव, बारीक चिरलेला कांदा, चिमूटभर जिरावन मसाला, लिंबाची फोड आणि शेजारी पाकातून नुकतीच काढलेली जिलबी. शहरातल्या मराठी घरांनीही ही न्याहारी केव्हाच आपलीशी केली आहे. ती अधूनमधून खाणाऱ्या आणि रोज खाणाऱ्या बाईच्या शरीरात काय फरक पडतो हे समजून घ्यायचे, तर आधी चरबीकडे पाहावे लागते.

चरबी म्हणजे शरीराने साठवून ठेवलेले इंधन, अशीच वैद्यकशास्त्राचीही दीर्घकाळ समजूत होती. 1993 मध्ये अमेरिकेतील हॉटामिस्लिगिल आणि स्पीगेलमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा चेतल्याची प्रतिक्रिया) वाढवणारे प्रथिन तयार होताना दाखवले, आणि त्याच प्रथिनामुळे इन्सुलिनचे काम अडते, हेही पुढे आणले. दहा वर्षांनी, 2003 मध्ये, वजन वाढलेल्या शरीराच्या चरबीत रोगप्रतिकारक यंत्रणेच्या भक्षक पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या आढळल्या. चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडू लागतो, काही पेशी मरतात, आणि तो कचरा उचलायला आलेल्या भक्षक पेशी तिथेच ठाण मांडून दाहाचे संदेश सोडत राहतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-6 हा संदेश यकृतापर्यंत पोहोचला, की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात सोडते.

हे सीआरपी 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले होते. जंतुसंसर्गात त्याची पातळी शंभर पटींनीही वाढू शकते. आपला विषय मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा आहे : ताप नाही, लाली नाही, दुखतही नाही, पण अतिसंवेदनशील चाचणीत सीआरपी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने टिकून राहते आणि हृदयविकाराचा धोका वाढल्याची सूचना देते. हाच आकडा 10 च्या वर गेला, तर सर्दी-खोकला किंवा दुसरा एखादा संसर्ग झाला आहे का ते पाहून काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. हे न करता अहवाल हातात पडल्या पडल्या घाबरणाऱ्यांची संख्या कमी नाही.

(दृश्य: मापनाची फीत, जवळून)

आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा बऱ्याचदा फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या 9.1 टक्क्यांच्या तुलनेत याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा 23 पासून आणि स्थूलतेची 25 पासून धरली जाते, आणि स्त्रियांच्या कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. हे माप परकराच्या नाडीवर घ्यायचे नसते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, फीत न आवळता घेतले तरच ते खरे. पाळी येण्याच्या वयात बहुतेक स्त्रियांची चरबी नितंब-मांड्यांकडे साठते आणि ती तुलनेने निरुपद्रवी असते. पाळी थांबली, इस्ट्रोजेन उतरले, की तीच पोटाकडे, आतड्यांभोवती साचू लागते. पन्नाशीत ‘खाणे तेवढेच, तरी पोट सुटले’ अशी तक्रार करणाऱ्या बाईवर घरातले हसतात. ती बहुधा खरे बोलत असते.

आता आहार. सगळ्यांत आधी, दाहावरचा घरगुती उपाय मानल्या जाणाऱ्या हळदीचा विषय संपवू. हळदीत कुरकुमिन हा त्यासाठी नावाजलेला घटक जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. भाजीतली हळद चांगलीच आहे, परंतु रात्रीच्या हळदीच्या दुधाच्या एका पेल्याने दिवसभराचे तळण धुऊन निघत नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाने 2014 मध्ये सुधारित केलेला आहार-दाह निर्देशांक 45 घटक एकत्र मोजतो. त्यात हळद, आले, लसूण आहेत, तसेच तंतू (फायबर), मॅग्नेशियम, संपृक्त चरबी आणि एकूण उष्मांकही आहेत. एका पदार्थाला श्रेय किंवा दोष देण्याची आपली हौस त्या मोजणीत बसत नाही.

सर्वांत उपयोगी पुरावा 2003 मधील इटलीच्या चाचणीचा आहे. पाळी अजून थांबलेली नव्हती अशा 120 स्थूल स्त्रियांपैकी निम्म्यांना भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, सुका मेवा व ऑलिव्ह तेल यांचा आहार आणि चालण्याचा व्यायाम यांचे बारकाईने मार्गदर्शन दिले गेले. दोन वर्षांनी त्यांचे वजन तर उतरलेच, शिवाय सीआरपी आणि इंटरल्यूकिन-6 हेही दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे खाली आले. यातले किती श्रेय ताटाचे आणि किती उतरलेल्या वजनाचे, हे वेगळे काढता येत नाही. रोजच्या आयुष्यात तशी गरजही पडत नाही.

(दृश्य: घरातले स्वयंपाकघर, मोड आलेली मटकी)

ऑलिव्ह तेल इंदूरच्या फोडणीत कशाला हवे? तत्त्व महत्त्वाचे आहे, आणि त्याचे सामान इथेच मिळते. याच शहरात उसळ-पोहेही विकले जातात. जिलबीऐवजी उसळ घेतली, की त्याच न्याहारीत प्रथिने आणि तंतू येतात. हे तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न आहेत. ते खाऊन जिवाणू ब्यूटिरेट हे मेदाम्ल तयार करतात, आतड्याचे अस्तर त्यावर पोसले जाते आणि जिवाणूंचे दाहक अंश रक्तात झिरपणे कमी होते. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, शेंगदाणे, माळव्यातला भुट्टा हे सगळे याच बाजूचे. शेव मात्र जपून घालावी, कारण बेसन चांगले असले तरी शेवेच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅम तंतू सुचवते आणि वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दोन जिलब्या आणि दोन गोड चहा ही मर्यादा न्याहारीलाच गाठतात.

उपासाचेही बोलायला हवे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यावर तळलेला बटाटा आणि गोड शिरा, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. मोरधनाची भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर यांनी उपास मोडत नाही.

या साऱ्यात दुर्लक्षित राहतो तो रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आणि 24 टक्के जादा वजनाच्या आढळल्या, आणि अनेकींच्या वाट्याला दोन्ही येते. इंटरल्यूकिन-6 मुळे यकृत हेपसिडिन हे संप्रेरक जास्त बनवते. हेपसिडिन आतड्यातून रक्तात जाणारे लोह अडवते. पालक-मेथी खाऊन, वर लिंबू पिळूनही हिमोग्लोबिन हलत नाही, त्यामागे हे कारण असू शकते, कारण क जीवनसत्त्वामुळे लोहशोषणात होणारी वाढही स्थूल स्त्रियांमध्ये कमी दिसली आहे. त्यातच फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याची चाचणी, दाह असताना वाढलेली दिसते, आणि साठा रिकामा असूनही अहवाल ‘सामान्य’ येतो. पोटाचा घेर वाढलेल्या आणि जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईने फेरिटिनसोबत सीआरपीही तपासून घ्यावे आणि दोन्ही आकडे डॉक्टरांनी एकत्र वाचावेत. लोहाच्या गोळ्या किती आणि किती दिवस घ्यायच्या, हे त्यानंतर ठरवता येते.