माफी राज्याची, खड्डा पालिकेच्या तिजोरीत

मंडळी, 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली, हे आपण नेहमी ऐकतो. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, बाराव्यात नगरपालिकांसाठी 18. पण ते खाली सोपवायचे की नाही, हे विधानमंडळाने ठरवायचे. तिथे 'सोपवता येतील' अशी भाषा आहे, 'सोपवलेच पाहिजेत' अशी नाही. कर लावण्याचा अधिकारही राज्याच्या कायद्यातूनच येतो, आणि त्याच वाटेने परत जाऊ शकतो.

जकातीचे, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या कराचे, उदाहरण घ्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. इतर महापालिकांतला एलबीटी (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) बहुतेक व्यापाऱ्यांसाठी त्याआधीच, ऑगस्ट 2015 मध्ये, उठला होता. भरपाईसाठी राज्याने 2017 साली वेगळा कायदा केला. त्याचे सूत्र असे: 2016-17 हे पायाभूत वर्ष आणि त्यावर दरसाल 8 टक्के चक्रवाढ. पायाभूत वर्षाचे उत्पन्न 100 रुपये धरले, तर पुढच्या वर्षी 108, मग 116 रुपये 64 पैसे, आणि नवव्या वर्षी जवळजवळ 200. आकडा वाईट नाही. करोनाच्या काळात नाक्यावरची वसुली नक्कीच कोसळली असती. सूत्राला त्याची झळ लागली नाही. पण शहरात व्यापार दुप्पट झाला तरी पालिकेला त्यातून एक रुपया जास्त मिळत नाही. दर वाढवून एखादा पूल उभारावा, म्हटले तर दर ठरवणारा हात आता पालिकेचा नाही. शिवाय पाया ज्या वर्षाचा धरला, त्या वर्षी वसुली ढिली असेल तर ती ढिलाई चक्रवाढीने कायमची सोबत येते.

करमाफीत तर भरपाईचे सूत्रही नसते. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2019 साली माफी मिळाली ती फक्त सर्वसाधारण कराची. मालमत्ता कराच्या देयकात पाणीपट्टी-लाभ कर, मलनिस्सारण, पथकर (रस्त्यांसाठीचा कर), शिक्षण उपकर असे अनेक घटक असतात. ते तसेच राहिले. लोकांनी 'कर माफ' ऐकले होते, हातात देयक पडले. पूर्ण माफी 2022 साली आली. घोषणा आणि कलम यांत असे अंतर पडले की शिव्या खातो तो खिडकीवरचा कारकून.

म्हणून नवा कायदा हातात आला की आधी अंमलाचा दिनांक पाहावा. राज्यपालांची संमती मिळाली म्हणजे कायदा लागू झालाच असे नाही. पुष्कळदा 'शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास' असे शब्द असतात. मग नियम निघालेत का, ते पाहावे. नंतर 'करील' आणि 'करता येईल' यांवर पेन्सिल फिरवावी: पहिला खर्च टाळता येत नाही, दुसरा येतो. आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, येणार, हे नुसत्या शासन निर्णयात लिहिले असेल तर सावध राहावे. तो दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो.

सगळ्यात घोळ होतो तो नियम मागे-पुढे होतात तेव्हा. मुंबईचे प्रभाग 227 चे 236 झाले आणि 2022 मध्ये पुन्हा 227. दर खेपेला नकाशे, हरकती, सुनावण्या, आरक्षणाची सोडत असे सगळे पहिल्यापासून. सरपंचाचेही तेच. थेट निवडणूक 2017 साली आली, 2020 साली गेली, 2022 साली परत आली. ग्रामपंचायतींची मुदत एकाच वेळी संपत नाही, त्यामुळे एकाच तालुक्यात एका गावचा सरपंच मतदारांनी निवडलेला आणि शेजारच्या गावचा सदस्यांनी. दोघांवरच्या अविश्वास ठरावाची रीत वेगळी. थेट निवडलेल्याला काढायचे तर सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांवर भागत नाही, प्रश्न ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. ठरावाची नोटीस आली की बहुमत मोजण्याआधी सरपंच कोणत्या तारखेला, कोणत्या तरतुदीखाली निवडून आला, ते दप्तरातून काढावे.