नकाशा पायांना विचारायचा

आयोजकांनी विषय दिलाय 'जलरंगातला नकाशा: कागद, रंग आणि प्रमाण'. तिन्हींवर बोलणार आहे. पण आधी एक गोष्ट सांगते, कारण ती ऐकायला असे हक्काचे कान रोज मिळत नाहीत.

माझ्याकडे येणारे बरेच जण मोबाइलवरच्या नकाशाचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, "यावर फक्त रंग भरून द्या." मला याचा खरंच त्रास होतो. तो नकाशा उत्तम असतो, गाडी दारापर्यंत नेतो. पण तो सगळ्यांचा असतो, आणि माझं काम एका माणसाचा नकाशा काढण्याचं. मी कलाशाळेत गेले नाही, जलरंग घरीच शिकले. नकाशा काढायला तर गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

एका कुटुंबाला आजींसाठी त्यांच्या गावाचा नकाशा हवा होता. गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं, उजनी धरणात गेलेलं. मुलाने पाठवलेल्या फोटोत नुसता निळा रंग! भिगवणला रोहित पक्षी बघायला कोण कोण गेलंय? बघा, किती हात वर आले. त्याच जलाशयाखाली ही गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा कुठे आपल्याला त्यांची आठवण होते.

मग मुलाने सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा आणला. आजींनी चष्मा लावून पाहिला. "ह्यात माझं घर कुठंय?" कुठे असणार? 1:50,000 म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. 20 मीटरचं अंगण त्यात 0.4 मिलिमीटरचं होतं.

मी नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी, सकाळी उठून पहिलं कुठं जायचात?"

"पाण्याला."

आणि गाव उलगडायला लागलं. वाड्याचा उंबरा, वेस, मारुतीचा पार, मग नदीपर्यंत उतार. जाताना वाट छोटी, भरला हंडा घेऊन येताना लांबच लांब. मी चढ लांब काढला. मुलगा म्हणाला, "एवढं अंतर नव्हतं." आजी म्हणाल्या, "हंडा तू आणत नव्हतास." चढ लांबच राहिला. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र त्या कधी गेल्याच नव्हत्या. ती बाजू मी अंदाजाने भरली नाही. तिथला माणूस भेटेपर्यंत ती कोरी ठेवणं हाच खरेपणा, असं मला वाटतं.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. बरं, आता भराभर.

कागद: सुती, 300 ग्रॅमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, तेव्हा तारीख देताना जून ते सप्टेंबर हात राखून बोला. रेषा आधी, पाण्याने न पसरणाऱ्या शाईने.

रंग: नदीला थॅलो निळा वापरू नका, तो कागदात मुरतो. कोबाल्ट निळा ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो, आणि उचलावा लागतोच, कारण कच्चा नकाशा पाहिला की घरातलं कुणीतरी नदी सरकवायला सांगतं. दगडी भिंतींना अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र करा. जो दाणेदार करडा मिळतो तो आपल्या काळ्या पाषाणाला शोभतो. अस्सल अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल टाळा, उजेडाने फिका पडतो, आणि हे नकाशे वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार असतात.

प्रमाण: यासाठी मला अर्धा तास हवा होता. थोडक्यात, जिथे माणूस जास्त वावरला ती जागा मोठी. उत्तर वरच हवी असं नाही; आजींच्या नकाशात वर नदी आहे. घरं, देवळं समोरून दिसतात तशी उभी काढा, वाटा वरून पाहिल्यासारख्या. पेशवाईतल्या मोडी नकाशांतही किल्ले असे उभे काढलेले दिसतात, तेव्हा हे चुकीचं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि रंग लावण्याआधी पेन्सिलीचा कच्चा नकाशा त्या माणसाच्या हातात द्या. तो त्यावर बोट फिरवत घरून निघाला आणि न अडखळता परत घरी आला, की मगच रंगाचं पाणी भरायला घ्या.