प्लॉटआधी रस्ता मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

शहराची वस्ती संपली की रस्त्याकडेला पाट्या सुरू होतात. 'एन.ए. प्लॉट, ३० फुटी रस्ते, ताबडतोब ताबा.' गिऱ्हाईक जातं, फक्कीनं आखलेला चौकोन बघतं आणि पहिला प्रश्न विचारतं, 'गुंठा केवढ्याला?' रस्त्याचा विषय निघालाच, तर दलाल हात लांबवून म्हणतो, 'हा काय, ट्रक जाईल आरामात.'

ट्रक जाईलही. पण बांधकामाचा नकाशा मंजुरीला जातो तेव्हा ट्रक गेला की नाही हे कुणी बघत नाही, रस्ता किती मीटरचा आहे ते बघतात.

आपल्याकडे २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. या धंद्यातली माणसं तिला यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसी आणि आणखी काही क्षेत्रं सोडली, तर राज्यभर हीच चालते. राहण्याच्या लेआउटमधल्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून केलेल्या आखणीतल्या, रस्त्यांचं तिचं गणित असं : रस्त्याची लांबी १५० मीटरपर्यंत असेल तर रुंदी ९ मीटर हवी. १५० च्या पुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. त्याहून लांब असेल तर १५ मीटर.

खरी मेख लांबी कुठून मोजायची यात आहे. मुख्य रस्त्याची लांबी सगळ्यात आतल्या प्लॉटपासून बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यापर्यंत मोजतात. जमीनमालक पहिल्या टप्प्यात १४० मीटरचा, ९ मीटर रुंद रस्ता काढतो आणि दोन्ही बाजूंचे प्लॉट विकून टाकतो. दोन वर्षांनी मागची जमीन घेतो आणि तोच रस्ता आणखी ८० मीटर आत नेतो. लांबी झाली २२०. म्हणजे रस्ता १२ मीटरचा पाहिजे, पण तोपर्यंत पुढच्या लोकांनी घरं बांधून कंपाउंड घातलेलं असतं. रुंदी आणायची कुठून? मागचा लेआउट अडकतो आणि ज्यांनी तिथं विसार दिलेला असतो त्यांचे पैसेही अडकतात. म्हणून मागे मोकळं रान दिसलं, की 'हा रस्ता पुढे जाणार आहे का' हे आधी विचारावं.

आता रुंदीवर काय काय अवलंबून असतं ते बघू. महापालिकेच्या हद्दीत, गावठाणाची दाट वस्ती वगळता, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, मिळतो १.१०, आणि तिथंच विषय संपतो. रस्ता ९ मीटरचा भरला की त्यावर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून ०.५० आणि टीडीआरचा, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेल्या बांधकाम हक्काचा, ०.४० घेता येतो, एकूण २.००. तेव्हा अर्धा मीटर कमी पडला तर नुकसान अर्ध्या मीटरचं होत नाही, वरचे मजलेच जातात.

९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. पाटीवरचा '३० फुटी' रस्ता खरोखरच ३० फूट असेल तर जेमतेम पास होतो, २५ फुटी म्हणजे ७.६२ मीटर, तो नापास. आणि ही रुंदी डांबराची नव्हे, समोरासमोरच्या हद्दींमधली. मधे साडेपाच मीटर डांबर धरलं, तर दोन्ही कडांना पावणेदोन मीटर उरतात. गटार, पाण्याची लाइन, विजेचा खांब, झाड, सगळं त्यातच बसवायचं. त्यावर कुणी पायऱ्या काढल्या, कुणी गाडी चढवायला उतार केला, की पावसाळ्यात पाणी डांबरावरून वाहणारच. त्यात ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो, तेही हिशोबानं बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०५० चौरस मीटर. जमीन रस्त्याकडेला ५० मीटर आणि खोलीला ८१ मीटर आहे असं समजा. मधून ९ मीटरचा रस्ता नेला की ७२९ चौरस मीटर त्यात गेले. लेआउट ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, म्हणजे आणखी ४०५. विकायला उरले २९१६, म्हणजे पावणेएकोणतीस गुंठे. आता नियम बाजूला ठेवून ६ मीटरचा बोळ काढा, खुली जागा सोडूच नका. विकायला निघतात सव्वापस्तीस गुंठे. हे साडेसहा गुंठे कुणाच्या खिशात गेले ते सांगायला नको.

खुल्या जागेतही चलाखी चालते. नाल्याच्या कडेची किंवा कोपऱ्यातली लांबट पट्टी 'गार्डन' म्हणून रंगवतात. नियम सांगतो, एका ठिकाणची खुली जागा २०० चौरस मीटरपेक्षा लहान नको, कुठलीही बाजू १० मीटरपेक्षा कमी नको. सरासरी रुंदी २० मीटरपेक्षा कमी असेल, तर लांबी रुंदीच्या अडीच पटीपेक्षा जास्त नको. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं की पाच मिनिटांत कळतं.

कोपऱ्याच्या प्लॉटला जास्त भाव मागतात, तर त्याचंही एक ध्यानात ठेवा. दोन ९ मीटर रस्ते काटकोनात मिळतात तिथं कोपऱ्यापासून दोन्हीकडे साडेचार मीटरवर खूण करून गोलाई काढायची असते. यात प्लॉटचे फक्त ४७ चौरस फूट जातात. तेवढ्यासाठी काटकोनात कंपाउंड बांधलं, की पाण्याचा टँकर वळताना रोज त्याच कोपऱ्याला घासतो.

पुढे बंद होणारा रस्ता साधारण १५० मीटरपर्यंत चालतो. तिथं गाडी वळवायची जागा असेल तर जास्तीत जास्त २७५ मीटर. वळायची जागा किमान ८१ चौरस मीटर, एकही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. आणखी एक अट कुणी वाचत नाही : रस्त्याचं बंद टोक सुरुवातीपेक्षा उंचावर हवं. उलट झालं तर रस्त्याचं सगळं पाणी शेवटच्या घराच्या फाटकाशी तुंबतं, आणि पुढे जायला त्याला वाट नसते.

आता गुंठ्यांचे कागद. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र आता जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याचं वेगळं खरेदीखत होत नाही, म्हणून पाच-दहा जणांच्या नावे एकच सामायिक खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर नाव लागतं, पण तुमचा गुंठा नेमका कुठला हे त्या कागदावर कुठंच नसतं. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या अशा प्लॉटांचा, २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. पण बांधकाम नियमित झालं तरी समोरचा बोळ बोळच राहतो.

तेव्हा जागेवर जाताना ३० मीटरची टेप न्या आणि रस्ता तीन ठिकाणी मोजा : तोंडाशी, मधे आणि टोकाला. नकाशावरचा शिक्का नीट वाचा. तात्पुरत्या मंजुरीनंतर भूमी अभिलेखची मोजणी होते, मग अंतिम मंजुरी मिळते. पुष्कळ लोक तात्पुरत्या नकाशावरच पैसे देऊन बसतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर सहसा महारेरा या बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, ती बघा. आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे पाडलेल्या प्लॉटांच्या क्षेत्राची सरकारी नोंद, होऊन तुमच्या प्लॉटचा वेगळा सातबारा निघाला आहे का ते तलाठ्याकडे विचारा. 'पुढच्या महिन्यात होईल' असं उत्तर आलं, तर राहिलेले पैसेही पुढच्या महिन्यातच द्या.

नमस्कार.