पावसाळ्यात खड्डा नको

[दृश्य: जूनचा पहिला आठवडा. भेगाळलेलं काळं शेत. एका भेगेत कोपरापर्यंत गेलेला हात.]

हात माझा, भेग शेताची. आज कोपरापर्यंत जातो. दोन दमदार सरी पडल्या की ही भेग अशी मिटेल की खूणही राहणार नाही. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला हे शाळेत जायच्या आधी कळतं. मला कळायला पपईच्या दोन ओळी गमवाव्या लागल्या.

मी इंदूरची, रामबागेतली. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की "भिया", म्हणजे इंदुरी "भैया". शेतीशी संबंध एवढाच, की अंगणात तुळस होती, कढीपत्ता होता आणि आईनं तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा होता. महूच्या पुढची ही ४ बिघे जमीन सासऱ्यांची. वाट्यानं दिलेली असायची. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू नाहीतर लसूण. सासरे गेले आणि प्रश्न आला, विकायची की करायची? मी म्हटलं, करू. आणि करायची तर आधी शिकू.

[दृश्य: कोर्सची वही. रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा, एकात एक वर्तुळं.]

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियाचा. टास्मानियात बिल मॉलिसन आणि त्याचा तरुण सहकारी डेव्हिड होल्मग्रेन यांनी तो घडवला आणि १९७८ साली त्यावरचं पहिलं पुस्तक काढलं. म्हणणं साधं होतं. जंगलाला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी ते वर्षानुवर्षं उभं असतं. मग शेत तसं का रचू नये? पुढे मॉलिसन भारतातही शिकवून गेला आणि २०१७ साली या मंडळींचा जागतिक मेळावा हैदराबादेत भरला. कोर्स ७२ तासांचा असतो. मी तो दक्षिणेत जाऊन केला.

वहीतली ही वर्तुळं म्हणजे झोन. नाव मोठं, गोष्ट आपल्या आज्यांची. ज्याला रोज हात लावायचा ते दाराशी, ज्याच्याकडे वर्षातून दोनदा फिरकायचं ते बांधावर. फोडणी तडतडत असताना कढीपत्ता तोडायला शेताच्या टोकाला कोण जाणार? म्हणून कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर खोपीला लागून. शेवगा आणि लिंबू त्यापलीकडे. त्याच्या पलीकडे गहू-हरभरा. अगदी कडेला सीताफळ, चिंच, पळस, ज्यांना आपली गरजच नाही.

दुसरा धडा सेक्टरचा: बाहेरून काय काय येतं ते बघा. ऊन कुठून, वारा कुठून, पाणी कुठून. आमच्याकडे मे महिन्यात पश्चिमेकडून लू येते आणि वर्षभर नाल्याच्या बाजूनं रोजडे येतात. नीलगाईंना इथं रोजडे म्हणतात. कोर्समधल्या नकाशात वणव्याचा बाण होता. मी तिथं रोजड्यांचा काढला. शिक्षक हसले, पण "बरोबर" म्हणाले.

एक तक्रार मात्र आहे. वाफ्यांचे गोल गोल नक्षीदार आकार, दगडांचा शंखासारखा चढत जाणारा मसाल्यांचा ढीग, हे सगळं फोटोत फार देखणं दिसतं. तो शंख मी बांधला. मेच्या उन्हात त्याचे दगड तव्यासारखे तापले आणि पुदिना आठ दिवसांत गेला. पुदिन्याला इथं सावलीतली, मोरीच्या पाण्याची जागा लागते. आईला हे न शिकता माहीत होतं.

[दृश्य: बांबूची "ए" आकाराची चौकट. मधून लोंबणारी सुतळी, टोकाला दगड.]

आता पपईची गोष्ट. ही चौकट बघा. तीन बांबू, सुतळी, एक दगड. दोन्ही पाय एका पातळीवर आले की सुतळी आडव्या बांबूवरच्या मधल्या खुणेवर येते. पाऊल पाऊल सरकत शेतभर समपातळीची रेघ आखता येते. त्या रेघेवर चर खणायचा, त्याची माती खालच्या अंगाला बांधासारखी टाकायची आणि तिच्यावर झाडं लावायची. चरात पाणी थांबतं, मुरतं, मुळांना मिळतं. मी असे दोन चर खणले. बांधावर पपई लावली.

शेजारचे पटेलबाबा सायकल थांबवून बघायचे. एकदा एवढंच विचारलं, "पाणी जाणार कुठे?" मी म्हटलं, जाणार नाही, मुरणार. ते काही न बोलता निघून गेले.

जुलैत चार दिवस झड लागली. पहिल्या दिवशी भेगांनी पाणी घटाघटा प्यायलं. मग माती फुगली, भेगा मिटल्या आणि शेतानं तोंड बंद केलं. ओली झालेली काळी माती पाणी जवळजवळ आत घेतच नाही. माझ्या सरळ पातळीच्या चरांत ते साचून राहिलं, बेडूक आले. पपईच्या मुळांना दोन दिवस श्वास मिळाला नाही तरी पुरे होतं, ती सडतात. खोडं पायथ्याशी मऊ पडली, बोट दाबलं तर आत जायचं.

माझे चर चुकीचे नव्हते, जागा चुकली. मुरमाड उतारावर तेच चर सोनं आहेत. काळ्या मातीत पाणी अडवण्याइतकंच वाट करून देणं महत्त्वाचं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं याच मातीसाठी रुंद वरंबा सरी पद्धत बसवली, ती आज बीबीएफ म्हणून आपल्याकडचे शेतकरी ओळखतात. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी हळूहळू बाहेर. मीही पुढच्या उन्हाळ्यात चरांना शंभर फुटांत अर्धा फूट उतार दिला आणि खालच्या कोपऱ्यात डबरी, म्हणजे छोटं शेततळं, खणली. शेजारच्या देवास जिल्ह्यानं हे फार मोठ्या प्रमाणावर केलंय. १९९० मध्ये जिथं रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथल्या शेतकऱ्यांनी २००६ नंतर बोअरवेलचा नाद सोडून शेताशेतात तळी खणली.

[दृश्य: डबरीचं पाणी. मागे विंध्याची रांग.]

इथं पाण्याची एक गंमत आहे. जवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते. म्हणजे माझ्या शेतातला थेंब चंबळेतून यमुनेत आणि तिथून गंगेत जातो. रांगेच्या पलीकडे पडला असता तर नर्मदेत गेला असता. आणि इंदूर शहर काय पितं? नर्मदा. नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी विंध्य चढवून आणलेली.

[दृश्य: पाणी भरलेला खतखड्डा. वर तरंगणारा काडीकचरा.]

त्याच पावसात माझा कंपोस्टचा खड्डाही बुडाला. नासक्या अंड्यासारखा वास. हवा मिळेना, की खताचं लोणचं होतं. कोर्सच्या वहीत खताच्या पानावर मी एक ओळ लिहून घेतली होती: "इंदूर पद्धत". तेव्हा जरा अभिमान वाटला होता, आपल्या गावचं नाव म्हणून. आता ती नीट वाचायला बसले.

ही पद्धत बसवणारा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होता. बिहारमधल्या पुसाच्या सरकारी शेती संस्थेत वर्षानुवर्षं काम करून कंटाळलेला, कारण तिथं किडीचा माणूस वेगळा, मातीचा वेगळा, पिकाचा वेगळा. होळकर दरबारानं जमीन दिली, कापूस समितीनं पैसा दिला आणि त्यानं इथं स्वतःची संस्था उभी केली. पत्नी गॅब्रिएल वनस्पतिशास्त्रज्ञ, ती बरोबरीनं काम करायची. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. आम्ही शाळेत असताना त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो असू. कोणी सांगितलं नाही.

खत कसं करायचं याचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यावर दोन नावं आहेत. एक हॉवर्ड, दुसरं यशवंत वाड. जगानं पहिलं लक्षात ठेवलं. मी दुसऱ्यावर थांबले. रसायनाची बाजू, कशात कर्ब किती आणि नत्र किती, हे मापून जुळवण्यात वाडांचा हात होता. आणि त्या पुस्तकात माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. खड्डे फक्त कोरड्या दिवसांत. पाऊस लागला, की माल जमिनीच्या वर काढून ढीग करायचा. म्हणजे मी जुलैत ज्या चिखलात उभी होते, त्यात ते ९० वर्षं आधी उभे राहिले होते.

[दृश्य: ढीग रचताना हात. थर दिसतील इतक्या जवळून.]

बघा. खाली जाड काडी, हवेसाठी. मग वाळलेला पाला आणि काड. मग शेण. मग ही माती, गोठ्यातली, जनावरांच्या मुतानं भिजलेली. यात नत्र असतं आणि हीच आपण झाडून टाकतो. वर मूठभर राख. मागच्या ढिगातलं एक घमेलं अर्धवट खत, विरजण लावतात तसं. पाणी शिंपडायचं, मुठीत दाबलं तर ओल जाणवावी, थेंब पडू नये. पुन्हा थर.

चौथ्या दिवशी ढिगात खुपसलेली ही सळई काढते. धरून दाखवा. नाही धरवत. आत ६० अंशांच्या वर गेलंय. तणाचं बी तिथंच मरतं. सुमारे तीन महिन्यांत तीनदा उलटायचं. मग रंग येतो खरपूस भाजलेल्या कॉफीसारखा आणि वास पहिल्या पावसाचा.

[दृश्य: पटेलबाबांचं सोयाबीन. लांबवर ट्रॅक्टर.]

आता कोणी विचारेल, पोट भरतं का यावर? माझं भरत नाही. नवऱ्याचा पगार आहे म्हणून मी चुका करू शकले, हे लपवण्यात अर्थ नाही. पटेलबाबांचं कर्ज सोयाबीनवर फिटतं. त्यांना "जंगल लावा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण कमी जागेचा हिशेब आपल्याच माणसांनी मांडलेला आहे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक, शेतात प्रयोग करणाऱ्यांच्या "प्रयोग परिवार" चळवळीचे. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगेल ते त्यांनी सूर्यप्रकाशाच्या हिशेबानं मांडलं. त्यांच्या वाटेवरचे दीपक सचदे इथून फार लांब नाही, देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी बजवाड्याला अमृत माती, म्हणजे पालापाचोळा कुजवून केलेली सुपीक माती, करून दाखवत होते. मी सध्या अर्ध्या बिघ्यावर तेवढंच करते. उरलेल्यात गहू आणि हरभरा आहेच.

[दृश्य: शेतरस्ता. चाकोरीत आडव्या पसरलेल्या तुरीच्या काड्या.]

एक शेवटची गोष्ट. तुरीची काडी लाकडासारखी, ढिगात वर्षभर कुजत नाही. लोक जाळतात. कपाशीच्या पळाट्यांचं हेच दुखणं हॉवर्डला होतं. त्यानं त्या शेतरस्त्यावर पसरल्या. येता-जाता बैलगाड्यांनी चुरल्या, मग त्या जनावरांखाली अंथरल्या. आता बैलगाड्या नाहीत. म्हणून मी पटेलबाबांच्या रस्त्यावर पसरल्यात, त्यांना विचारून. म्हणाले, टायर फुटला तर पैसे तुझे.

ती बघा, ट्रॉली आलीच. कॅमेरा जरा खाली घ्या, चाकाजवळ. आवाज ऐकू दे.

[चाकाखाली काड्या मोडल्याचा आवाज. ड्रायव्हरचा हॉर्न. पडदा काळा.]