पावलं, अंतर आणि ठोके: ॲपचे आकडे कसे वाचावेत

श्रोतेहो, नमस्कार.

धावून आल्यावर चालणं-धावणं मोजणारं ॲप उघडलं आणि नकाशावर आपल्या वळणावळणाच्या रस्त्याऐवजी इमारतींच्या डोक्यावरून गेलेली सरळ रेघ दिसली, असं अनेकांचं होतं. दोष बहुतेक वेळा ॲपचा नसतो, तर बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा असतो. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणाऱ्या ॲपला झोपवतो. ॲप पुन्हा जागं झालं की शेवटचा बिंदू आणि आताचा बिंदू थेट जोडून टाकतं. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं ॲप उघडा आणि बॅटरीच्या पर्यायात त्यावरचं बंधन काढा. लोकेशनच्या परवानगीत 'अचूक स्थान' चालू आहे ना, तेही पाहा. मग स्क्रीन बंद ठेवून दहा मिनिटं चाला आणि रेघ तपासा. मोठ्या अंतराला निघण्याआधी एवढी चाचणी कराच.

दुसरी गडबड सुरुवातीलाच होते. दारातून बाहेर पडता पडता 'स्टार्ट' दाबलं जातं, तेव्हा जीपीएसला उपग्रह सापडलेलेच नसतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतो. फोन इंटरनेटची मदत घेऊन ही माहिती मिळवण्याचं काम लवकर उरकतो, पण बरेच दिवस फोनला न जोडलेल्या स्मार्ट घड्याळाला वेळ लागतो. म्हणून मोकळ्या आकाशाखाली उभं राहा, सिग्नल मिळाल्याची खूण दिसू द्या आणि मगच बटण दाबा. उघड्यावर फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींमध्ये मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेघ पलीकडच्या फुटपाथवर जाते. त्या क्षणाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, त्यामुळेच सारखा उड्या मारतो. त्याकडे बघत वेग कमीजास्त करू नका, सबंध किलोमीटरचा सरासरी पेस पाहा.

पावलांचं गणित वेगळं आहे. फोनमधला ॲक्सेलरोमीटर शरीराचे लयीतले हेलकावे टिपतो आणि ॲप त्यांची पावलं करतं. बाबागाडी ढकलताना हात दांड्यावर स्थिर राहतो, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ बरीच पावलं सोडून देतं. अशा वेळी फोन पँटच्या खिशात ठेवून त्याचा आकडा धरावा.

जीपीएस बंद असेल तर अंतर निघतं ते पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी असं. ही लांबी ॲप बहुधा तुमच्या उंचीवरून अंदाजाने ठरवतं. ती स्वतः मोजून भरा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून नेहमीच्या चालीने दोन फेऱ्या मारा आणि पावलं तोंडाने मोजा. समजा १,१२० भरली, तर ८०० भागिले १,१२०, म्हणजे जवळपास ७१ सेंटिमीटर. धावतानाची लांबी वेगळी मोजावी लागते. पावलामागे ५ सेंटिमीटरची चूक फार वाटत नाही, पण १०,००० पावलांत तिचा अर्धा किलोमीटर होतो.

आणि हा १०,००० चा आकडा तरी कुठून आला? १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे तो रुजला. तो काही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. २०१९ मध्ये वयस्कर महिलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ७,५०० पावलांपर्यंत मृत्यूचं प्रमाण कमी होत गेलेलं दिसलं, त्यापुढे फारसा फरक पडला नाही. ज्यांची आज ३,००० होतात त्यांनी आधी ४,००० वर यावं, हे आमचं सांगणं आहे. एकूण पावलांइतकीच गतीही बघा: मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की ती भरभर चाल समजावी.

आता हृदयाचे ठोके. ते मोजायला मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार वाचतं. पट्टा सैल असेल तर ते ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतं. सावकाश धावताना आकडा १६५–१७० वर अडकलाय आणि तुम्ही पूर्ण वाक्य आरामात बोलू शकताय, तर शंका घ्या. थांबून नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण हाताला मुंग्या येणार नाहीत असं बांधा. वेग सारखा बदलणारा सराव करत असाल तर छातीचा पट्टा बरा. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो. त्याच्या आतल्या पट्ट्या बांधण्यापूर्वी ओल्या करा.

कॅलरीच्या आकड्यावर मात्र जेवण ठरवू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणं तपासली. ठोके मोजण्यात सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली.

शेवटी एक सेटिंग. धावण्याचा नकाशा इतरांना दिसत असेल तर रेघ जिथून सुरू होते तिथे तुमचं घर आहे, हे कुणालाही कळतं. सुरुवातीचा आणि शेवटचा काही भाग लपवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये प्रायव्हसीखाली असते. ती आजच चालू करा, आणि आधीच्या नोंदींनाही ती लागू झाली का, हे एखादी जुनी नोंद उघडून पाहा.